बायबलमधला घोडा: चार घोडेस्वारांच्या मागची मोठी गोष्ट

२६ जुलै २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकच्या उद्घाटन सोहळ्यात सीन नदीवरून एक चंदेरी यांत्रिक घोडा धावत गेला. त्यावर चिलखतासारखा पोशाख घातलेली एक स्वार होती. ती सीन नदीची देवता सेक्वाना हिचे रूप आहे, असे आयोजकांनी सांगितले. सोशल मीडियावर मात्र अनेकांनी वेगळाच अर्थ लावला: हा बायबलमधला मृत्यूचा घोडा!

त्याआधी तीन महिने, २४ एप्रिल २०२४ रोजी, लंडनमध्ये ब्रिटिश लष्कराच्या हाउसहोल्ड कॅव्हलरीचे काही घोडे बांधकामाच्या आवाजाने बिथरून रस्त्यावर सुटले. रक्ताने माखलेला एक पांढरा घोडा आणि त्याच्यासोबत धावणारा काळा घोडा, असा तो व्हिडिओ जगभर फिरला. त्यावरही हेच शेरे पडले: जगाचा अंत जवळ आला.

बायबलच्या शेवटच्या पुस्तकातले चार घोडेस्वार बहुतेकांनी सिनेमात, गेममध्ये किंवा मीममध्ये पाहिलेले असतात. पण हे घोडे तिथे अचानक उगवलेले नाहीत. बायबलच्या पहिल्या पुस्तकांपासून शेवटच्या पुस्तकापर्यंत घोडा वारंवार येतो आणि बहुतेक वेळा एकच प्रश्न सोबत आणतो: माणसाने भरवसा कशावर ठेवायचा? हा धागा लक्षात घेतला, तर चार घोडेस्वारांचा अर्थही बराच सोपा होतो.

थोडक्यात

• बायबलमधला घोडा मुख्यतः युद्धाचा आणि राजसत्तेचा प्राणी आहे.
• जुन्या करारात राजाने फार घोडे बाळगू नयेत, असा नियम आहे.
• येशूच्या चरित्राच्या चारही शुभवर्तमानांत एकही घोडा नाही. येशू यरुशलेमात शिरतो तो गाढवाच्या शिंगरावर बसून.
• प्रकटीकरणातले चार घोडे पांढरा, लाल, काळा आणि फिकट हिरवट रंगाचे आहेत.
• त्याच पुस्तकात पुढे आणखी एक पांढरा घोडा येतो. या दोन पांढऱ्या घोड्यांची गल्लत अनेकदा होते.

शेतातला नव्हे, रणातला प्राणी

बायबल ज्या प्रदेशात घडते, तिथे नांगराला बैल जुंपत आणि ओझे गाढवावर लादत. सामान्य कुटुंबाच्या दारात घोडा नसे. त्याला भरपूर चारा आणि धान्य लागे, सांभाळायला माणसे लागत आणि त्याची किंमत परवडणारी नव्हती. घोडा पोसायचा तो युद्धाचा रथ ओढायला. पाठीवर स्वार होऊन लढणारे घोडदळ नंतर वाढले. सुरुवातीच्या काळात घोडा म्हटले की रथ आलाच.

इस्राएली लोकांची वस्ती प्रामुख्याने डोंगराळ भागात होती. रथ चालतात सपाट मैदानावर. शास्ते या पुस्तकात (१:१९) यहूदा वंशाने डोंगराळ मुलूख घेतल्याचे, पण खोऱ्यातल्या लोकांना हुसकता न आल्याचे सांगितले आहे. कारण त्यांच्याकडे लोखंडी रथ होते. म्हणजे या कथांमध्ये घोडा बहुधा समोरच्या, अधिक बलाढ्य बाजूकडे असतो. डोंगरातल्या पायदळाला धडकी भरवणारे ते शस्त्र होते. आजच्या भाषेत रणगाडाच म्हणा.

समुद्रात बुडालेले रथ

घोड्यांचा पहिला मोठा प्रसंग निर्गम या पुस्तकात आहे (अध्याय १४ आणि १५). मिसरच्या गुलामीतून निघालेल्या इस्राएली लोकांच्या मागे फारोचे सैन्य लागते, त्यात ६०० निवडक रथ असतात. समोर समुद्र, मागे घोडे. समुद्र दुभंगतो, पायी चालणारे पार होतात आणि रथांची चाके अडकून सैन्य बुडते. त्यानंतर मोशे आणि त्याची बहीण मिर्याम जे विजयगीत गातात, त्यात घोडा आणि स्वार दोघेही समुद्रात फेकले गेल्याचा उल्लेख आहे. अनेक अभ्यासक हे गीत हिब्रू भाषेतल्या सर्वांत जुन्या काव्यांपैकी एक मानतात.

असाच प्रसंग शास्ते पुस्तकात पुन्हा घडतो. सेनापती सीसरा याच्याकडे ९०० लोखंडी रथ असतात. दबोरा ही स्त्री न्यायाधीश आणि बाराक त्याच्याविरुद्ध उभे राहतात. पुढच्या अध्यायातल्या गीतावरून दिसते की कीशोन नदीला पूर आला होता. रथांचा उपयोग संपतो आणि सीसरा रथ सोडून पायी पळतो.

दोन्ही कथांचा सांगावा सारखाच आहे. ज्याच्याकडे घोडे जास्त, तो जिंकतोच असे नाही. निःशस्त्र गुलामांच्या बाजूनेही देव उभा राहू शकतो.

राजाने घोडे वाढवू नयेत

अनुवाद या पुस्तकात (१७:१६) राजासाठी काही नियम आहेत. त्यात पहिलाच नियम घोड्यांबद्दल आहे: राजाने घोडे वाढवू नयेत आणि घोड्यांसाठी लोकांना परत मिसरला पाठवू नये. त्यापुढे फार बायका आणि फार सोनेचांदी यांवरही बंदी येते.

या नियमामागची भीती समजण्यासारखी आहे. मिसर म्हणजे जिथून गुलामीतून सुटका झाली तो देश. युद्धाच्या घोड्यांसाठी त्याच्याच दारात उभे राहायचे, तर सुटकेला अर्थ काय उरला? शिवाय मोठे रथदळ उभारले की ते पोसायला कर लागतो, माणसे लागतात. पहिला शमुवेल या पुस्तकात (अध्याय ८) लोक राजा मागतात, तेव्हा शमुवेल त्यांना नेमके हेच बजावतो. राजा तुमची मुले घेऊन त्यांना रथांवर आणि घोड्यांवर नेमील, शेते घेईल, धान्याचा हिस्सा घेईल.

याच संदर्भात आजच्या वाचकाला खटकणारी एक गोष्ट येते. यहोशवाच्या पुस्तकात (अध्याय ११) शत्रूचे घोडे हाती लागल्यावर त्यांच्या मागच्या पायांच्या शिरा तोडल्या जातात आणि रथ जाळले जातात. दावीद राजाही एका विजयानंतर १०० रथांपुरते घोडे ठेवून बाकीच्यांचे तेच करतो. प्राण्यांच्या दृष्टीने ही क्रूरताच आहे. कथेतला हेतू मात्र स्पष्ट आहे: मिळालेले शस्त्र स्वतःच्या सैन्यात भरायचे नाही, निकामी करायचे.

शलमोनाची पागा, अहाबाचा चारा

दावीदाचा मुलगा शलमोन याने हा नियम पुरता मोडला. पहिले राजे या पुस्तकानुसार (अध्याय १०) त्याच्याकडे १,४०० रथ आणि १२,००० स्वार होते. घोडे मिसरहून येत. एका रथाची किंमत ६०० शेकेल चांदी, एका घोड्याची १५० शेकेल. शेकेल साधारण ११ ग्रॅमचा धरला, तर एका घोड्यासाठी सुमारे पावणेदोन किलो चांदी मोजावी लागे.

हा खर्च कोणी भरला, तेही ग्रंथातच आहे. शलमोनाने देशाचे १२ विभाग करून त्यांच्यावर अधिकारी नेमले होते. राजवाड्याच्या अन्नाबरोबरच घोड्यांसाठी जव आणि वैरण पुरवणे हीसुद्धा त्यांची जबाबदारी होती. शलमोनाच्या मृत्यूनंतर लोकांनी त्याच्या मुलाकडे जू हलके करण्याची मागणी केली. त्याने ती धुडकावली आणि राज्याचे दोन तुकडे झाले.

पुढे उत्तरेच्या राज्यात अहाब राजाच्या काळात भीषण दुष्काळ पडला. पहिले राजे १८ मध्ये एक छोटासा तपशील आहे. अहाब आपल्या कारभाऱ्याला सांगतो, देशभर झरे आणि ओढे शोधू, कुठे गवत मिळाले तर घोडे आणि खेचरे जगतील. शोमरोन उपाशी आहे आणि राजा चारा शोधायला निघाला आहे, तोही आपल्या जनावरांसाठी. बायबलला घोड्यांबद्दल एवढा संशय का, हे या एका प्रसंगातून कळते.

अहाबाच्या रथदळाला बायबलबाहेरचाही आधार आहे. अश्शूरचा राजा तिसरा शल्मनेसर याच्या शिलालेखात इ.स.पू. ८५३ च्या कर्करच्या लढाईचे वर्णन आहे. त्यात अहाबाच्या नावापुढे २,००० रथ आणि १०,००० सैनिक असा आकडा आहे. हा आकडा फुगवलेला असावा, असे अनेक इतिहासकारांना वाटते. हा शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

इस्राएलमधील मगिद्दो येथील उत्खननात लांबट इमारतींचे अवशेष सापडले. सुरुवातीला त्यांना 'शलमोनाच्या पागा' असे नाव मिळाले. नंतरच्या अभ्यासात त्या अहाबाच्या काळातल्या किंवा आणखी नंतरच्या ठरवल्या गेल्या. त्या पागा नसून कोठारे होती, असेही काही अभ्यासक म्हणतात.

भरवसा कशावर?

स्तोत्रसंहिता आणि संदेष्ट्यांच्या पुस्तकांत घोडा हे थेट भरवशाचे प्रतीक बनतो. स्तोत्र २० मध्ये रथांवर आणि घोड्यांवर विसंबणारे एका बाजूला आणि देवाच्या नावावर विसंबणारे दुसऱ्या बाजूला, असा सरळ फरक केला आहे. स्तोत्र ३३ म्हणते की सुटकेसाठी घोडा व्यर्थ आहे, त्याच्या प्रचंड बळाने कोणी वाचत नाही. नीतिसूत्रे २१ मध्ये मध्यममार्ग आहे: लढाईच्या दिवसासाठी घोडा सज्ज करतात, पण विजय देवाच्या हाती असतो.

यशया संदेष्ट्याच्या काळात हा प्रश्न अगदी खरा आणि तातडीचा होता. अश्शूरचे साम्राज्य एकेक राज्य गिळत यरुशलेमकडे सरकत होते. दरबारातल्या काहींचा सल्ला होता की मिसरशी तह करावा, त्यांच्याकडे घोडे आहेत. यशया ३१ मध्ये यावर कठोर टीका आहे. मिसरचे लोक माणसेच आहेत, देव नाहीत. त्यांचे घोडे मांस आहेत, आत्मा नाहीत, असा त्याचा मुद्दा होता.

इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब याने यहूदावर स्वारी केली. त्याचा अधिकारी यरुशलेमच्या तटाजवळ येऊन हिज्कीया राजाच्या माणसांना हिणवतो. तो म्हणतो, मी तुम्हाला २,००० घोडे देतो, पण त्यांच्यावर बसायला तुमच्याकडे स्वार तरी आहेत का? दुर्बल देशाच्या जखमेवर मीठ चोळणारा हा टोमणा दुसरे राजे १८ मध्ये नोंदवलेला आहे.

अग्नीचे घोडे आणि लगामाची उपमा

सगळीकडे घोडा वाईटच, असे मात्र नाही. एलीया संदेष्टा पृथ्वीवरून जातो, तेव्हा अग्नीचा रथ आणि अग्नीचे घोडे दिसतात. त्याचा शिष्य अलीशा याला पकडायला शत्रूचे घोडे आणि रथ शहराला वेढा घालतात. सेवक घाबरतो. मग त्याचे डोळे उघडतात आणि सारा डोंगर अग्नीच्या घोड्यांनी व रथांनी भरलेला त्याला दिसतो (दुसरे राजे ६). ज्या शस्त्राची भीती वाटते, त्याहून मोठे बळ न दिसता पाठीशी आहे, असा या चित्राचा अर्थ लावला जातो.

ईयोबाच्या पुस्तकात (अध्याय ३९) युद्धाच्या घोड्याचे थरारक वर्णन आहे. तो खुरांनी जमीन उकरतो, भीतीला हसतो, रणशिंगाचा आवाज ऐकून फुरफुरतो. इथे घोड्याची निंदा नाही. उलट, हे बळ त्याला तू दिलेस का, असा प्रश्न देव ईयोबाला विचारतो. घोडा सुंदर आणि शूर आहे, पण त्याच्या बळाचा मालक माणूस नाही.

तिसरा वापर माणसाच्या स्वभावासाठी होतो. स्तोत्र ३२ सांगते की लगामाशिवाय न वळणाऱ्या घोड्यासारखे किंवा खेचरासारखे होऊ नका. यिर्मया आपल्या काळातल्या लोकांना लढाईत बेभान घुसणाऱ्या घोड्याची उपमा देतो. नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रात (३:३) लगामाचा संदर्भ जिभेसाठी येतो. तोंडातल्या लहानशा लगामाने अख्खा घोडा वळतो, तशी लहानशी जीभ माणसाचे आयुष्य वळवते.

येशू गाढवावर का बसला?

जखऱ्याच्या पुस्तकात (९:९–१०) एका येणाऱ्या राजाचे वर्णन आहे. तो नम्र आहे आणि गाढवाच्या शिंगरावर बसून येतो. लगेच पुढच्या ओळीत म्हटले आहे की एफ्राइममधले रथ आणि यरुशलेममधले घोडे नाहीसे केले जातील, युद्धाचे धनुष्य मोडले जाईल. गाढव आणि घोडा यांचा विरोध इथे उघड आहे. एक शांतीचे वाहन, दुसरे युद्धाचे.

येशू आयुष्याच्या शेवटच्या आठवड्यात यरुशलेमात शिरतो, तो याच पद्धतीने. चारही शुभवर्तमानांत हा प्रसंग आहे. मत्तय आणि योहान जखऱ्याच्या भविष्यवाणीचा थेट उल्लेख करतात. महाराष्ट्रातले ख्रिस्ती समाज हा दिवस 'झावळ्यांचा रविवार' म्हणून पाळतात.

मराठी वाचकाची इथे गफलत होऊ शकते. आपल्याकडे गाढवावर बसवणे म्हणजे धिंड काढणे, अपमान. प्राचीन इस्राएलात तसे नव्हते. शास्ते १० मध्ये एका न्यायाधीशाचे ३० मुलगे ३० गाढवांवर बसत, असे प्रतिष्ठेचे लक्षण म्हणून सांगितले आहे. अदोनीया हा राजपुत्र गादी बळकावायला रथ, घोडेस्वार आणि पुढे धावणारी ५० माणसे जमवतो. शलमोनाला मात्र राज्याभिषेकासाठी दावीदाच्या खेचरावर बसवून नेतात. म्हणजे गाढवावर बसलेला येशू राजा असल्याचे नाकारत नाही. सैन्याच्या जोरावर न येणारा राजा, असे तो दाखवतो.

प्रकटीकरण: चार घोडे, चार संकटे

आता शेवटच्या पुस्तकाकडे. बहुतेक अभ्यासकांच्या मते प्रकटीकरण इ.स. पहिल्या शतकाच्या अखेरीस लिहिले गेले. लेखक योहान स्वतः पात्म नावाच्या बेटावर असल्याचे सांगतो आणि आजच्या तुर्कस्तानातल्या सात मंडळ्यांना उद्देशून लिहितो. हे लोक रोमन साम्राज्याखाली राहत होते. साम्राज्य सांगत होते की आमच्यामुळे जगात शांती आणि सुबत्ता आहे.

सहाव्या अध्यायात एका गुंडाळीचे शिक्के कोकरा फोडतो. हा कोकरा म्हणजे येशूचे प्रतीक. पहिल्या चार शिक्क्यांसोबत चार घोडे निघतात. रंगांची कल्पना जुनी आहे: इ.स.पू. ५२० च्या सुमारास संदेश देणाऱ्या जखऱ्याच्या दृष्टान्तांत लाल, काळे, पांढरे आणि ठिपक्यांचे घोडे पृथ्वीभर फिरतात. जखऱ्याचे घोडे मुख्यतः पाहणी करणारे दूत आहेत. योहानाचे घोडे संकट घेऊन येतात.

पांढरा घोडा. स्वाराच्या हाती धनुष्य आहे, त्याला मुकुट दिला जातो आणि तो जिंकत जातो. याच्याबद्दल सर्वांत जास्त मतभेद आहेत. दुसऱ्या शतकातले इरेनियस हे ख्रिस्ती लेखक याला ख्रिस्त मानतात. नंतरच्या काहींनी याला ख्रिस्तविरोधी म्हटले. आजचे अनेक अभ्यासक याला जग जिंकण्याची हाव, लष्करी विजय असे समजतात. धनुष्य आणि घोडा एकत्र पाहून त्या काळच्या वाचकांना पार्थियन लोक आठवले असतील, असेही म्हणतात. घोड्यावरून बाण मारणाऱ्या या लोकांनी इ.स.पू. ५३ मध्ये कार्हे येथे रोमन सैन्याचा दारुण पराभव केला होता.

लाल घोडा. स्वाराला मोठी तलवार मिळते आणि पृथ्वीवरची शांती काढून घेण्याचा अधिकार मिळतो. लोक एकमेकांना मारू लागतात. हे युद्ध आहे आणि आपसातली कत्तलही.

काळा घोडा. या स्वाराच्या हाती शस्त्र नाही, तराजू आहे. एक आवाज धान्याचे भाव सांगतो. एका दीनारला सुमारे एक लिटर गहू किंवा त्याच्या तिप्पट जव. दीनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी आणि एवढा गहू म्हणजे एका माणसाचे दिवसाचे खाणे. दिवसभर राबून एकाचेच पोट भरेल. घरातल्या इतरांसाठी स्वस्तातला जव घ्यावा लागेल. त्याच वेळी तेल आणि द्राक्षारस यांना हात लावायचा नाही, अशी ताकीद मिळते. काही अभ्यासक म्हणतात, ऑलिव्ह आणि द्राक्षवेलींची मुळे खोल असल्याने ती छोट्या दुष्काळात टिकतात. इतरांच्या मते यात टोचणी आहे: गरिबाची भाकरी महागते, श्रीमंताच्या मेजावरचे काही कमी होत नाही. चारही घोड्यांपैकी हा घोडा रोजच्या जगण्याच्या सर्वांत जवळचा आहे.

फिकट घोडा. ग्रीक शब्द आहे 'क्लोरोस'. हाच शब्द नव्या करारात हिरव्या गवतासाठीही वापरला आहे. घोड्याच्या बाबतीत तो प्रेतासारखा हिरवट-पिवळा रंग सुचवतो. चारांपैकी फक्त याच स्वाराला नाव आहे: मृत्यू. त्याच्या मागोमाग अधोलोक येतो. तलवार, दुष्काळ, रोगराई आणि हिंस्र पशू यांनी पृथ्वीच्या चौथ्या भागावर मृत्यू आणण्याचा अधिकार त्यांना मिळतो.

चारही घोडे एका रांगेत ठेवले, तर एक साखळी दिसते. आधी जिंकण्याची हाव, मग युद्ध, मग महागाई आणि उपासमार, शेवटी मृत्यू. पहिल्या शतकातल्या माणसाला यात नवे काही नव्हते. साम्राज्याच्या झळाळत्या विजयाच्या मागे काय येते, ते त्याने पाहिले होते. अठराव्या अध्यायात बाबेल नावाच्या नगरीकडे जाणाऱ्या मालाची यादी आहे. हे नाव रोमसाठी वापरले आहे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. सोने, रेशीम, मसाले यांच्या यादीत शेवटी घोडे, रथ आणि माणसे, म्हणजे गुलाम, येतात.

दुसरा पांढरा घोडा

एकोणिसाव्या अध्यायात आकाश उघडते आणि पुन्हा पांढरा घोडा दिसतो. याच्या स्वाराबद्दल मतभेद नाहीत. त्याला विश्वासू आणि खरा, तसेच देवाचा शब्द म्हटले आहे. हा ख्रिस्त आहे. गाढवावर आलेला राजा इथे अखेर घोड्यावर दिसतो.

मग तोही इतर विजेत्यांसारखाच झाला का? तपशील पाहिले, तर फरक जाणवतो. पहिल्या स्वाराच्या हाती धनुष्य होते. या स्वाराची तलवार हातात नाही, तोंडातून निघते, म्हणजे शब्द हेच त्याचे शस्त्र. त्याचा झगा लढाई सुरू होण्याआधीच रक्ताने माखलेला आहे. म्हणून अनेक भाष्यकार ते त्याचे स्वतःचे, वधस्तंभावरचे रक्त मानतात. इतर काही भाष्यकार यशया ६३ च्या आधारे ते शत्रूंचे रक्त समजतात. वर्णन हिंसक आहे, हे नाकारता येत नाही. त्याचा अर्थ शब्दशः घ्यायचा की प्रतीकात्मक, यावर ख्रिस्ती परंपरेत आजही वाद आहे.

पांढऱ्या घोड्यावरचा तलवारधारी म्हटले की भारतीय वाचकाला कल्की अवतार आठवतो. चित्रात साम्य आहे, पण दोन्ही आपापल्या ग्रंथपरंपरेतले आहेत. एकाचा अर्थ दुसऱ्यावर लादला, तर दोन्ही नीट कळत नाहीत.

नेहमीचे काही गैरसमज

पहिला घोडेस्वार म्हणजे महामारी? लोकप्रिय याद्यांत तसे असते. मूळ ग्रंथात पहिला स्वार विजय मिळवत जातो. रोगराईचा उल्लेख चौथ्या स्वाराच्या संदर्भात आहे.

पौल घोड्यावरून पडला? प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात दमास्कसच्या वाटेवर पौल जमिनीवर पडतो, पण घोड्याचा उल्लेख नाही. सोबती त्याला हात धरून शहरात नेतात. कॅराव्हॅज्जोने १६०१ च्या सुमारास काढलेल्या प्रसिद्ध चित्रात भलामोठा घोडा आहे. अशा चित्रांमुळे हा समज पक्का झाला.

चौघे एकत्र दौडत येतात? ग्रंथात ते एकामागून एक निघतात. चौघांची एकत्र दौड डोळ्यांसमोर येते, त्यात आल्ब्रेख्ट ड्यूररच्या १४९८ च्या लाकूडछापाचा मोठा वाटा आहे.

बातमीतला घोडा म्हणजे भविष्यवाणी? प्रकटीकरणातले घोडे प्रतीके आहेत. शेवटच्या काळात ही संकटे येतील, असे मानणारे ख्रिस्ती पुष्कळ आहेत. पण ग्रंथ घोड्याच्या रंगावरून तारीख काढायला सांगत नाही. शेवटची घटका कोणालाच ठाऊक नाही, असे येशू स्वतः शुभवर्तमानात म्हणतो.

घोड्यांच्या गळ्यातल्या घंटा

बायबलमध्ये घोड्याचे शेवटी काय होते? प्रकटीकरणाइतकी प्रसिद्ध नसलेली एक कल्पना जखऱ्याच्या शेवटच्या अध्यायात (१४:२०) आहे. त्या दिवशी घोड्यांच्या घंटांवर 'परमेश्वरासाठी पवित्र' अशा अर्थाचे शब्द असतील, असे तो सांगतो. हेच शब्द निर्गमच्या पुस्तकात महायाजकाच्या कपाळावरच्या सोन्याच्या पट्टीवर कोरायला सांगितले आहेत. त्याच ओळीत मंदिरातली साधी भांडीही वेदीपुढच्या कटोऱ्यांइतकी पवित्र होतील, असे म्हटले आहे.

म्हणजे फारोचा रथ ओढणारा, शलमोनाच्या प्रजेकडून वैरण खाणारा, लाल आणि काळ्या रंगात संकट घेऊन येणारा हा प्राणी मुळात अपवित्र नाही. त्याला कशासाठी जुंपले जाते, हा प्रश्न आहे. पुढच्या वेळी एखाद्या घोड्याचा व्हिडिओ 'अंत जवळ आला' अशा ओळीसह समोर आला, तर रंग पाहण्याआधी हा प्रश्न विचारणे बायबलच्या अधिक जवळ जाणारे ठरेल.